थोरलीचा घास

४ जानेवारी
आज बागलीला, सासरी आले. घराला लागूनच वीटभट्टी. अंगणातून चिमणी दिसते. कोळशाचा ट्रक उतरत होता, तरी मजुरणी मला बघायला धावल्या. भियाने (म्हणजे ह्यांनी, यशराजनी) बहू तो नाजूक आणली, धुराने काळी पडेल, म्हणाल्या. मीही हसले. शाळा हिंदीतली, मराठी लिहिणं आप्पांनी घरी शिकवलं. चुका होतील, पण इथे खोटं लिहिणार नाही.

७ जानेवारी
हंगामभर भट्टीची आग विझू देत नाहीत. वरची लोखंडी झाकणं उचलून यशराज स्वतःच्या हाताने कोळसा टाकतात. घरात आगीला 'थोरली' म्हणतात. ताटातला पहिला घास तिचा. सुनेने झाकण उचलून टाकायचा. सासूबाई हसून म्हणाल्या, सवतीशी भांडू नकोस गं, ती तुझ्याआधीची.

१५ जानेवारी
धूर पातळ झाला की यशराज माझ्यासमोरचं ताट सोडून उठतात. ती उपाशी आहे, म्हणतात. मी जेवले का, हे एकदाही विचारलं नाही. आगीचा मत्सर करायचा, याची लाज वाटते. तरी होतोच.

२२ जानेवारी
लिहायलाच हवं. थोरलीचा घास आज मी टाकला नाही. झाकणाशी उभी राहून स्वतः खाल्ला. कालही. परवाही.

२९ जानेवारी
विटा कच्च्या निघताहेत. कोळसा तर तोच. माझं अंग भाजतं. डॉक्टर म्हणतात, ताप नाही. ओली साडी अंगावरच वाळते. यशराज दिवसभर माझ्यापाशी बसतात, माझ्याकडेच बघतात. किती सुखी आहे मी.

३ फेब्रुवारी
भट्टी विझली. कुणालाच दुःख नाही. यशराज मला भरवतात — आधी भात — आता कोळसा. गोड लागतो. नको म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, आधीचीही पहिल्यांदा नकोच म्हणायची. आधीची कोण? ह्यांची पहिली बायको. पळून गेली, असं आम्हाला सांगितलं होतं. तिनेही घास खाल्ला होता —

५ फेब्रुवारी
संध्याकाळी मला भट्टीत उतरवणार. सासूबाई ओसरीवर फोनवर बोलताहेत — कुक्षी गावचं स्थळ आलंय, मुलगी — गोरी, शांत — यशराज हसले. मी ऐकलं.

मागचं दार उघडं आहे. नाक्यावर देवासची बस मिळेल. पण मी गेले तर हे तिचे — एकटीचे —

नाही. मी थोरली झाले की हे तिचं ताट सोडून माझ्याकडे येतील. रोज. येऊ दे तिला. वाकून झाकण उचलू दे, मग मी —