टाचेची शीर

साखरखेर्डा,
१४ जून १९६४

चि. निवृत्तीस आजीचा आशीर्वाद. जन्मल्यादिवशी देऊन बसली, आता परत मागता येत नाही.

इकडे सारे खुशाल. काळी म्हैस व्याली, रेडा झाला. तुझं पलस्तर कधी निघते ते कळव.

अक्षर पाहून दचकला असशील. हो, सहदेव मास्तरच लिहून राह्यला. हुतुतूत मागून लाथ घालून पाय मोडला म्हणून ज्याच्यावर तू तक्रारीचा अर्ज केला, तोच. माझी पत्रं गावात दुसरं कोण लिहिते? बोलीन तसंच लिही म्हटलं, तरी मधेमधे शुद्ध करते. करू दे.

मे महिन्याच्या एक तारखेले शाळेच्या मैदानात तुले कोणं बोलावलं होतं बे? वर्षभर नागपूरच्या कचेरीत खुर्ची दाबतो, पान आणायलेही शिपाई धाडतो, अन् इथं येऊन पँट दुमडून पोरांत घुसला. रेघेकडे उडी घेतली, फट् वाजलं, पडला. पडल्या पडल्या विचारतो, "कोणं लाथ मारली?" मागं मास्तर होता, चांगला चार हात दूर.

अकोल्याच्या डॉक्टरनं तुझी पोटरी दाबून पाह्यली, पंजा हालला नाही. म्हणे, टाचेवरची जाड शीर तुटली. वर्षाले लाखात दहा-वीस जणांचीच तुटते. बाया कमी, पुरुष जास्त. तेही तिशी-चाळिशीतले, रोज बसणारे अन् एखाद्या दिवशी उड्या मारणारे. तू म्हटलं, लाथ बसली. तो हसला. म्हणे, "सगळ्यांले असंच वाटते. मागं कोणी नसते."

इथं मास्तरचा हात थांबला. "आजी, डॉक्टर हे कधी बोलले?"

"लिही. पुढं येते ते."

हे ऐकून आठ दिवसांनी तू अर्ज केला. काऊन? पोरं हसली म्हणून. आपला पाय आपणच तोडला हे सांगायची तुले लाज वाटली. लाखात नंबर लागला होता बे, तोरा मिरवायचा सोडून गरिबाच्या नोकरीवर उठला. सव्वीस तारखेले मास्तरची चौकशी आहे. घरात बायको, दोन लेकी.

आता जे मघापासून म्हशीआड लपवून राह्यली ते. तुझ्या अर्जावरून चावडीवर रामराव पाटलानं मले विचारलं होतं, "मंजुळाबाई, तुम्ही सोबत होत्या. डॉक्टर काय म्हणाला?" मी म्हटलं, "मी अडाणी बाई, मले डॉक्टरचं काय समजते." सारं समजलं होतं. अक्षर येत नाही, कान शाबूत आहेत. नातवाचं नाक वाचवलं. मास्तर समोरच उभा होता. सहा वर्षांपासून तो माझी पत्रं वाचून दाखवते. मले किती समजते हे त्याच्याइतकं कोणाले ठाऊक? तरी त्यानं मले चारचौघांत खोटं पाडलं नाही.

आताही हे सारं नुसता लिहून राह्यला.

सव्वीसच्या आत अर्ज मागं घे. नाही घेतला तर त्या दिवशी मी शाळेत येऊन साहेबापुढं उभी राहीन. आधी माझं सांगीन, मग तुझं.

पलस्तर निघालं की टाचेले कोमट तेल लाव. राग तुझ्यावर आहे, पायावर नाही.

तुझी आजी
मंजुळाबाई

खालचा अंगठा माझा. मास्तर म्हणे, पुसट आला, चालते. मी पुन्हा शाई लावून दाबला.