बांधाखालचा हिरवा पट्टा

कन्हेरी
१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

सारजे,

थोरल्या जावंचा आशीर्वाद घे. आमी हितं सगळी बरी हाय. माझा गुडघा दुखतोय, पण तो तू हितं व्हतीस तवाबी दुखत व्हता. निमगाव केतकीत तुज्या भावाकडं समदी ठीक असतील. तुजी छकुली बारावीला बसली का?

फोन तू उचलत न्हाईस, आन उचललास तर माझ्या तोंडातनं भलतंच निघंल. म्हणून लिवतीय. चौथीची शाळा माझी, अक्षर लागलं न्हाय तर छकुलीकडनं वाचून घे. न्हाय, नको. तुजी तूच वाच.

विहिरीखालच्या रानात खोदकाम चाललंय. बारामतीच्या बागवानाची पोरगी हाय फरहीन, पुण्यात शिकून मोठी झाली, तिच्या हाताखाली बारा मजूर. गेल्या साली शाळू जोंधळा वाळायला लागला तवा तिनं वरनं ड्रोन उडवला. मोबाइलवर फोटो दाखवला मला. वाळक्या रानात हिरवंगार कडं, बांगडीवानी गोल. अर्धं माझ्या शाळवात, अर्धं तुज्या. मधनं आपला बांध.

म्हणली, "मावशी, हितं खाली खंदक हाय. तीन हजार वरसांचा. मानसांनी वस्तीभवती खणला, मग बुजला. बुजल्याली माती खोलवर ओल धरती, म्हणून तेवढाच शाळू हिरवा ऱ्हातो."

मी म्हणलं, "काय बी सांगती का गं?"

पण खणलं आन निघाला की! पिवळ्या मुरमात काळ्या मातीचा पट्टा, दोन पुरुष खोल. सारजे, त्या मानसांकडं लोखंड नव्हतं. दगडानं न्हायतर अणकुचीदार लाकडानं खणलं असंल म्हणत्यात. आपण मुरमात पहार मारली तर खांद्यापतुर झिणझिण्या येत्यात. आन ह्यांनी दोन्ही अंगं कशी तासल्यात, सारखी उतरती! शेण-पाण्याची कामं टाकून मी काठावर बसती. म्हशी वरडत्यात, वरडू दे.

फरहीनचंबी तसंच. गवंड्यावानी बारक्या करणीनं माती खरवडती, रंग बघती, थांबती. मला तर बघूनच घाई व्हती. पयल्या आठवड्यात तिनं समद्यांना सांगितलं व्हतं, आतल्या अंगाला दगडाची भिंत निघंल. पुण्याच्या सायबांनाबी सांगितलं. खाली गेली तर भिंत न्हायच. खंदकातली मातीच आत टाकून मोठा बांध घातल्याला. उठली, हात झाडलं आन समद्या मजुरांम्होरं म्हणली, "माझं चुकलं. वहीत तसंच लिवा." तोंड पाडलं न्हाय का कुणावर ढकललं न्हाय. मग जेवायला बसली, दोन भाकरी खाल्ल्या.

मला मातर घास उतरला न्हाय.

तुला समजलंच असंल कशापायी. चार वरसांमागं ह्योच हिरवा पट्टा दाखवून मी विहिरीवर तुला चोर म्हणलं. बांधाखालनं पाइप टाकून माझ्या पाळीचं पाणी नेतीस, म्हणलं. सात-आठ बाया व्हत्या. तू घागर भरलीस आन गेलीस. एक शबुद न्हाय. मला वाटलं, चोराला काय तोंड असतंय.

आता तुला ठावं नसल्यालं सांगती. तू गाव सोडून भावाकडं गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुदळीनं बांध उकरला. पाइप न्हाय. नुसती काळी माती आन एक लाल खापर, काळ्या रेघांचं. खापर फेकलं, बांध लिपला, कुणाला बोलले न्हाय. फरहीनला सांगितलं तर डोक्याला हात लावून हसली. "मावशी, तुमी माझ्या आधी खणलं, पण वही ठेवली न्हाय!"

मी हसले न्हाय.

परवा ती तुज्या रानात खणू का म्हणून इचारत व्हती. तात्याबा तुजं रान वाट्यानं करतोय, तो म्हणला, "खणा की, सारजावहिनी कुठं येती आता." त्याच्यावर खेकसले. म्हणलं, रान सारजाचं हाय, ती व्हय म्हणंल तवाच खणायचं. आन मग समद्यांम्होरं म्हणलं, त्या विहिरीवरच्या बायांना मुद्दाम बलवलं व्हतं, "सारजानं पाणी न्हेलं न्हाय. माझं चुकलं." तू नव्हतीस, म्हणून ते अर्धंच झालं.

अजून एक हाय. ते त्यांच्याम्होरं बोलले न्हाय, तुला लिवतीय. विहिरीच्या पाण्याची तुजी मंगळवारची पाळी. तू गेल्यावर तात्याबा कोरडवाहूच करायचा, पाणी तसंच ऱ्हायचं. गेली दोन वरसं दर मंगळवारी ते मी माझ्या ढोबळ्या मिरचीला दिलं. चांगली आली व्हती मिरची. खंदक निघाला तवापासनं मंगळवारी मोटर बंद ठेवती.

खणल्याला चर येत्या रविवारी बुजवणार हायेत. त्याच्या आत ये. माझा सूरज शनवारी मिरची घेऊन इंदापूरला येतोय, येताना निमगावला थांबंल. त्याच्या टेम्पोत बस. बोलली न्हाईस तरी चालंल. काठावर माझ्याशेजारी बसून त्या मानसांनी मुरूम कसा तासलाय तेवढं बघ.

तुज्या पाण्याची चोर,
कुशाबाई