तुरीची रोपं मोरीत आहेत

सूनबाई,

तुझी तुरीची रोपं मोरीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहेत. निम्मीच वाचली गं. दुबळी बुरशी पाजून तू त्यांना मर रोगाशी झुंजायला शिकवते आहेस, हे तुझ्या मामंजींना मी सकाळीच सांगितलं होतं. पण पानं पिवळी दिसली आणि सगळं विसरले. तरुणपणी उभं शेत वाळताना पाहिलंय त्यांनी. रोगट रोप उपटून जाळायचं, एवढंच हातांना आठवतं. उरलेली रोपं आणि काडेपेटी घेऊन ते बाहेर पडलेत. मी मागोमाग निघाले.

रोपं तग धरतील, तू आधी आम्हाला शोध. हिसकाहिसकीत ते मला म्हणाले, “सोडा हो बाई! आमच्या हिला बोलवा, ती सांगेल तुम्हाला.”