पालथा

१२ डिसेंबर

पालथाच! कॉटच्या कडेबाहेर डोकं, खाली स्टुलावर वही. उजव्या डोळ्याला पट्टी, डाव्यानं लिहितोय. डोळ्याच्या पडद्याच्या नसेत गुठळी अडकली होती, ती ऑपरेशन करून काढली. आत गॅस भरलाय. डॉक्टर म्हणाले, "तोंड खालीच ठेवायचं. मान वर केलीत तर पडदा सुटेल, मग माझ्या हातात काही नाही." फौजेत जन्मभर मान ताठ ठेवली, आता हे!

१३ डिसेंबर

मिरजेच्या दवाखान्याची फरशी. दुसरं काय दिसणार?

१४ डिसेंबर

राग जात नाही. उसाच्या फडात डोळ्यापुढं एकदम काळोख आला, तर जोतिबादादानं दवाखाना सोडून धोंडुबाईकडं नेलं. ती जिभेनं डोळ्यातला कचरा काढते, साऱ्या गावाचा विश्वास! "पाचटाचं कुसळ हाय रं लाला, सकाळपतूर जाईल," ती म्हणाली. सकाळी डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. आता थोडी नजर वाचली तर वाचली.

थोरला भाऊ म्हणून अजून गप्प आहे. पण बोलणार. मान वर करायची परवानगी मिळू दे, त्याच्या डोळ्यात बघून बोलणार.

१६ डिसेंबर

माणसं पायांवरून ओळखतो. बायको, मंगल, आली की तिची जोडवी दारातच थबकतात — रडून घेते, मग आत येते. दादाच्या वहाणा सरळ आत. आज त्यानं माझा तांब्या लाथाडला, सगळीकडं पाणी.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "गुठळी मानेच्या नसेतून आलीय. तुम्ही सख्खे भाऊ, तुम्हीही तपासून घ्या. नजर जाऊन परत आली तरी थांबू नका." दादा हसला. "मला काय धाड भरलीय?"

१७ डिसेंबर

मान आखडली. दाव्याला बांधलेल्या म्हशीलाही वर बघता येतं!

१८ डिसेंबर

दादानं पुन्हा तांब्या लाथाडला. "आंधळा झालास काय?" मी खेकसलो. त्यानं वाकून तांब्या उचलून ठेवला. एरवी ऐकून घेणारा नाही तो.

१९ डिसेंबर

सकाळी दादा म्हणाला, "काल एका डोळ्याम्होरं अंधारी आल्ती. धोंडुबाईनं जीभ फिरवली आन् लगीच उजेड! तुज्याच नशिबात नव्हतं गड्या. आता अंधारी परत आलीया. जातो तिच्याकडंच."

थांब म्हणून त्याला हाका मारल्या. वहाणा दाराकडं निघाल्या.

मी मान वर करून उठलो. त्याचं मनगट धरून खाली तपासणीला नेलं. त्याच्या डोळ्यात बघितलं, पण बोलायचं होतं ते राहिलंच.

दादा आत आहे. मी बाहेर बाकावर ताठ बसून लिहितोय.