सासूबाईंच्या ग्राफिक्स कार्डाची तपासणी

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
सासूबाईंनी ग्राफिक्स कार्ड घेतलं, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चित्रं घडवणारं. मधल्या दर्जाचं, पण नवं कोरं. कारण ‘वस्ती’. हा त्यांचा कॉम्प्युटर गेम. त्या आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे बायकोची मावशी, रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला त्यात भेटतात. मावशी लांब राहते, प्रत्यक्ष भेट वर्षा-दोन वर्षांनी. गेममध्ये मात्र दोघींची शेजारी शेजारी घरं आहेत, मळा आहे, एक भांडखोर बदकही आहे.
आता गेममध्ये नवं बेट आलंय. मावशीचा पीसी दमदार, ती पोहोचली. सासूबाईंचा दमेकरी, त्यामुळे त्या अलीकडच्या काठावर. मावशीचं २८ तारखेला डोळ्याचं ऑपरेशन. पुढे बरेच दिवस स्क्रीन बंद. त्याआधी दोघींना बेट एकत्र बघायचंय. म्हणून कार्ड.
दुकानदार उद्याच घरी येऊन बसवून देणार होता. मी अडवलं. माल तपासल्याशिवाय वापरायचा नसतो. मी नळांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, हे घरचे लोक वारंवार विसरतात. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही म्हणताय तर बघा, जावईबापू. फार विश्वास आहे त्यांचा माझ्यावर. कार्ड घेऊन घरी आलो.
ठराव: चार दिवसांत तपासणी संपवायची. गेम फक्त तपासणीपुरता खेळायचा.

३ नोव्हेंबर
माझ्या पीसीला आजवर वेगळं कार्ड नव्हतंच. मदरबोर्डावरच्या, म्हणजे पीसीच्या मूळ बोर्डावरच्या, जुजबी ग्राफिक्सवर भागवत होतो. आज स्वहस्ते कार्ड बसवलं. मागच्या सगळ्या केबली घट्ट करून घेतल्या, स्क्रू पिळून. कार्डावर निळा दिवा लागला. बायकोला बोलावून दाखवला. तिने विचारलं, आणि काय काय होतं याने? म्हटलं, बघशील.

४ नोव्हेंबर
काय फरक! गाड्यांची शर्यत लावली. रस्त्याकडेच्या झाडांची पानं हलताना दिसतात. बायको म्हणाली, आधीही हलायची. तिला ती नजर नाही. नजर कमवावी लागते.
सासूबाईंचा ‘वस्ती’ अजून लावलेला नाही. आधी अवघड पेपर, मग सोपा.

६ नोव्हेंबर
चार दिवस झाले. तपासणी अपुरी. मुदतवाढ घेतली (स्वतःकडून).
सासूबाईंचा फोन. घाई नाही, सावकाश होऊ द्या, म्हणाल्या. मग मावशी बेटाच्या धक्क्यावर रोज थांबते, हेही सांगितलं. म्हटलं, काळजी नको, कार्ड माझ्या हातात आहे.

८ नोव्हेंबर
आजची नोंद महत्त्वाची. सलग तीन तास शर्यत, तरी कार्ड गार. हात लावून पाहिला. पंखा फिरतसुद्धा नाही! लोकांची कार्डं विमानासारखी घोंगावतात म्हणे. हे कार्ड म्हणजे साधू आहे.
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. बायपास तेवढा मधेच पाणी प्यायला उठला.
(बायपास म्हणजे आमच्या खात्यातला सहकारी. गेल्या वर्षी त्याने अख्खी पाळी एक नळ तपासला आणि झोकात पास केला. पाणी येत होतं बायपासच्या, म्हणजे नळाला वळसा घालून जाणाऱ्या पाईपातून. नळातून थेंबही गेला नव्हता. आमच्या खात्याचा पहिला नियम: ज्याची तपासणी, पाणी त्याच्यातूनच आलं पाहिजे. ते नाव मीच ठेवलं. आता साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारतात.)

११ नोव्हेंबर
फ्रेम मोजणारा प्रोग्राम टाकला. फ्रेम म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात. जास्त तेवढं गुळगुळीत. माझ्या डोळ्यांच्या हिशेबाने नव्वदच्या आसपास असावीत.
आकडा आला चोवीस.
प्रोग्राम सदोष आहे. काढून टाकला.

१२ नोव्हेंबर
दुसरा प्रोग्राम टाकला. चोवीस. हाही सदोष.

१४ नोव्हेंबर
बायकोने परीक्षा घ्यायची ठरवली. कार्ड बसवण्याआधी मी मोबाइलवर शर्यतीचा व्हिडिओ काढून ठेवला होता, एक नंतर काढला. तिने दोन्ही लावले आणि विचारलं, कार्डाचा कुठला? मी क्षणात ओळखला. तो आधीचा निघाला. मोबाइलचा पडदा लहान असल्याने बारकावे मरतात, हे तिला समजावून सांगितलं. ती ऐकताना भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, आईला कार्ड कधी देतोयस तेवढं सांग.
ठराव: उद्या ‘वस्ती’ची तपासणी. नक्की.

१५ नोव्हेंबर
‘वस्ती’ची तपासणी उद्यावर. आज शर्यतीत नवी गाडी मिळाली, ती चालवून बघणं क्रमप्राप्त होतं.

१७ नोव्हेंबर
वाईट बातमी. ‘वस्ती’ लावला, बेट उघडेना. पडद्यावर पाटी: तुमचे ग्राफिक्स अपुरे आहेत.
म्हणजे कार्डच कमी पडतंय. वाटलंच होतं. साधू माणूस स्वभावाने चांगला असतो, पण त्याच्याकडून ओझी उचलून घ्यायची नसतात.
दोष कुठे, याचा शास्त्रशुद्ध शोध सुरू. आज कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली. फरक नाही. टेबल खिडकीपाशी सरकवलं. फरक नाही. खुर्ची बदलली. पाठीला बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत सहज विषय काढला. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. बायपासने डबा बंद करता करता विचारलं, मॉनिटरची केबल नीट बघितलीस का, कुठे लावलीय ती?
मला! केबलीबद्दल! बायपास!
शांतपणे सांगितलं की केबल घट्ट आहे, स्क्रू मी स्वतः पिळलेत. तो म्हणाला, घट्ट नाही रे, कुठे ते विचारतोय. मी विषय बदलला. काही लोकांना जिकडेतिकडे पाईपच दिसतात.

२० नोव्हेंबर
अहवाल तयार. निष्कर्ष: कार्ड शांत, थंड, काटकसरी. ताकद बेताची. नवं बेट झेपणार नाही. नवशिक्यांनी याच्या नादी लागू नये. जाणकाराच्या हाताखाली बरं काम देईल.
जाणकार म्हणून सध्या तरी मीच डोळ्यासमोर येतो. सासूबाईंनी दुसरं, वरच्या दर्जाचं बघावं. हे मी ठेवून घेईन. गैरसोय माझी, पण घरच्यांसाठी एवढं करायलाच हवं.

२१ नोव्हेंबर
सासूबाईंना फोनवर अहवाल वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतला. मधे एकदाच विचारलं, म्हणजे बेट नाही दिसणार? म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं तुम्ही तपासलंत, नाहीतर उगाच आशेवर राहिले असते.
नंतर त्यांनी मावशीला कळवलं की येत नाही म्हणून. मावशी म्हणाली, मग मीच अलीकडे येते, बेटाचं काय एवढं. पण बदक बेटावर नेऊन ठेवलंय आणि ते परत यायला तयार नाही. हे सगळं मला बायकोने सांगितलं. तिचा सूर बरा नव्हता.

२२ नोव्हेंबर
बायको अबोल. शर्यतीत लक्ष लागलं नाही. चौथा आलो.

२४ नोव्हेंबर
बायको बोलली. न बोलती तर बरं असं वाटावं इतकं बोलली. सारांश: कार्ड आईचं, गेम आईचा, बहीण आईची, आणि खेळतोय कोण? कार्ड चालो न चालो, ते आईच्या टेबलावर गेलं पाहिजे. मी म्हटलं, तपासणीत नापास झालेला माल पुढे पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. ती म्हणाली, मग तत्त्व घरी ठेव आणि कार्ड दे.

२५ नोव्हेंबर
कार्ड काढायला सुरुवात. एक स्क्रू हट्टाला पेटला. (शर्यतीच्या दोन फेऱ्या, निरोपाच्या.)

२६ नोव्हेंबर
स्क्रू निघाला. बायकोने काढला.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
सासूबाईंकडे. दुकानदार आला. मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो, तो त्याच्या मनाने करत होता. मागच्या केबली त्याने कशा लावल्या ते पाहिलं नाही, कारण तेव्हा मी सासूबाईंना अपयशासाठी मनाची तयारी कशी करावी ते सांगत होतो.
पीसी सुरू झाला. ‘वस्ती’ सुरू झाला. कार्डाचा पंखा फिरायला लागला, चांगला आवाज करत. मी लगेच म्हटलं, हे लक्षण ठीक नाही. तेवढ्यात बेट उघडलं.
खरंच सुंदर आहे. पाणी हलतं. धक्क्यावर मावशी उभी, शेजारी बदक. फोनवर दोघी एकदमच ओरडल्या. मावशीने विचारलं, कुठे होतीस गं इतके दिवस? सासूबाई म्हणाल्या, जावईबापू कार्ड तपासत होते. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.
मग दोघी बेटभर हिंडल्या. टेकडी चढल्या. सासूबाईंना खऱ्या जिन्याच्या पाच पायऱ्या होत नाहीत. इथे पुढे त्या आणि मागे मावशी. वरून मावळती बघितली. मावशी म्हणाली, इथे एक बाक करू या. लाकडं गोळा करेपर्यंत तिची निजायची वेळ झाली. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं होतं. बाक अर्धाच राहिला.
सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, एक संध्याकाळ तर मिळाली, पुष्कळ झालं. म्हटलं, आमच्या घरी व्होल्टेज वेगळं येतं, त्यामुळे तिथे बेट उघडलं नसेल. दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याची अवजारं गोळा केली.

२८ नोव्हेंबर, सकाळ
मावशीचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. सासूबाईंचा फोन होता. पुढचे काही आठवडे त्या एकट्याच बदकाला दाणे घालणार आहेत.
आज सुट्टी. अहवाल परिपूर्ण व्हावा म्हणून कार्डाशिवाय एक चाचणी घेतली. कार्ड गेल्यावर माझ्या पीसीची किती दुर्दशा झाली, याची नोंद हवी. शर्यत लावली.
पानं हलतात. आवाज नाही. गारच आहे.
फ्रेम्स चोवीस.

२८ नोव्हेंबर, दुपार
टेबल ओढून मागे बघितलं. कार्ड होतं ती जागा रिकामी. मॉनिटरची केबल मात्र जागच्या जागी. मदरबोर्डाच्या भोकात, वर्षानुवर्षं असते तिथेच. मी ती कार्डाला लावलीच नव्हती. आहे तिथेच आणखी घट्ट केली होती, स्क्रू पिळून. म्हणजे जवळजवळ महिनाभर पडद्यावर जे काही आलं ते जुन्या बोर्डावरूनच. कार्ड आत निळा दिवा लावून नुसतं बसून होतं, कामाची वाट बघत. आणि तिकडे मावशी धक्क्यावर.
बायकोने विचारलं, टेबलाखाली काय शोधतोयस? म्हटलं, धूळ फार झाली आहे. तिने झाडू आणून दिला. सगळी खोली झाडली.

२९ नोव्हेंबर
सासूबाईंना खरं सांगितलं. खूप हसल्या. मग म्हणाल्या, तपासायचं असलं की आता आधी मला विचारत जा. मावशी बरी झाली की मला बेटावर बोलावलंय, उरलेला बाक पुरा करायला. माझ्या पीसीवर बेट उघडत नाही हे दोघींच्याही लक्षात नाही. मी हो म्हणून टाकलं.
जेवणाच्या सुट्टीत बायपास शेजारी येऊन बसला. कार्डाचं काय झालं, विचारलं. म्हटलं, दिलं, छान चाललंय. त्याने मान हलवली. केबलीचं विचारेल म्हणून मी घास हातात धरून बसलो. नाही विचारलं. स्वतःच्या डब्यातली थोडी भाजी माझ्या डब्यात वाढली आणि जेवायला लागला.
ठराव: उद्यापासून त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची.