किरमिजी रेशमावरचे दोन मोर

भुज, १४ डिसेंबर १९७८

जयमनगौरी नौतमराय वोरा हिस,

पत्राच्या आरंभी क्षेमकुशल कळवण्याचा प्रघात आहे. माझी प्रकृती ठीक आहे. तू गेल्यापासून कढी मी स्वतःच करतो; ती फाटते.

आज करसनभाई मोची यांच्या अंगणातली तुझी भरतकामाची खोली रिकामी केली. चौकटीवर किरमिजी रेशीम अजून ताणलेले होते. बटवा तळाशी दुमडायचा, म्हणून दोन्ही मोर पायाला पाय लावून, उलट्या दिशांनी भरलेले. एका टोकाला बसून तू एक मोर भरायचीस, समोरच्या टोकाला करसनभाई दुसरा. तू त्यांना राखी बांधत होतीस, एवढ्याने माझे समाधान व्हायला हवे होते. झाले नाही. माझ्यासमोर तू कधी इतका वेळ बसली नाहीस.

त्यांनी विचारले, "साहेब, एवढा बटवा शिवून ठेवू माझ्याकडे? बेनची शेवटची आठवण."

"माझ्या पत्नीचे काम माझ्या घरी राहील," मी म्हणालो आणि कात्री मागितली.

"अख्खाच घेऊन जा की. कापता कशाला?"

"तुमचा मोर माझ्या घरात नको."

त्यांनी मुकाट्याने कात्री दिली. तुझ्या आसनाकडचा मोर मी कापून घेतला. त्याची मान विलक्षण डौलदार होती. अशी मान तुझ्याच हातून उतरू शकते, असे मी त्यांना ऐकवलेही.

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी, रळियातबेन, खुदकन हसल्या. "अहो साहेब, आमच्या म्हाताऱ्यालाच घरी घेऊन निघालात की! बेन आजारी पडल्यावर उजेडासाठी चौकट फिरवली होती आम्ही."

"तू गप गं," करसनभाई म्हणाले.

"तुम्ही का बोलला नाहीत?" मी त्यांना विचारले.

ते खाली पाहू लागले. "बोललो असतो, तर बेनचा मोर गेला असता."

मग त्यांनी दुसरा तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. "न्या. तुमचाच आहे."

मी तो घेतला नाही. हे औदार्य समजू नकोस. तो रोज पाहताना, तुझा मोर कोणता हे मला इतरांकडून समजून घ्यावे लागले, एवढेच आठवले असते. दोन्ही तुकडे मी चौकटीवर ठेवले आणि बटवा शिवून तुमच्याकडेच ठेवा, असे करसनभाईंना सांगितले.

"आता तळाला शिवण दिसेल, साहेब," ते म्हणाले.

"दिसू द्या," मी म्हणालो.

तुझा (हा शब्द मी त्यांच्यासाठी सोडलेला नाही),
नौतमराय

ता. क. खोलीला कुलूप लावले. किल्ल्या करसनभाईंच्या हाती परत दिल्या.