शेंगांच्या टरफलांची राख

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुझा राग आला. रागच म्हणते, उगाच गोड शब्द कशाला.

बाबांची मिल बंद पडली आणि आपण सांवेर रोडला, कारखान्यामागच्या खोलीत आलो. बाबा तिथे लोखंडावर क्रोमचा मुलामा चढवायचे. त्या कामाचं पाणी नाल्यात जायचं, आणि हळूहळू आपल्या बोअरिंगला पिवळं पाणी यायला लागलं. कारखान्याचा शेठ तुला म्हणाला, "बाईजी, यहाँ की ज़मीन ही ऐसी है." मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते, म्हणजे घरातली शहाणी मीच. हातोद गावाहून शेंगांची टरफलं आणली, प्रयोगशाळेत आम्लात भिजवली, धुऊन वाळवली, बुडाला भोक पाडलेल्या माठात भरली. टरफलं क्रोम धरून ठेवतात. खालून पाणी स्वच्छ आलं तेव्हा तू शेजारणींना हाका मारून त्याच पाण्याचा चहा पाजलास. मिल बंद झाल्यापासून तुला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मग एका दुपारी मी घरी येते तर तू वापरलेली टरफलं वाळवून सिगडीत जाळते आहेस. आपल्याकडे जळणारी वस्तू कुणी फेकत नसे. आणि त्याच राखेने तू भांडी घासत होतीस! मी ओरडले, "आई, सगळं जहर त्या राखेत आहे!" तू परात खाली ठेवलीस. "मग टरफलं ठेवू कुठं? तूच बता ना."

बाहेर नाला, नाल्याला लागून बोअरिंग. दुसऱ्या दिवशी तू माठ रिकामा करून पालथा घातलास. "रहने दे बेटा. पिवळं पाणी निदान पिवळं दिसतं तरी." शेवटपर्यंत तेच प्यायलीस. किडन्या कशाने गेल्या ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. राग याचा, की तुझं चुकलं नव्हतं.

आता केळीच्या साली, बाभळीची साल, कशाकशाने पाणी शुद्ध होतं म्हणून छापून येतं. मी सगळं वाचते. वापरलेल्या सालींची योग्य विल्हेवाट लावावी, असं शेवटी असतं. कुठे, ते नसतं. मला आता आशा वाटत नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, घडी करून ठेवते. माझ्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन आहे. त्याने बाजूला काढलेलं घाण पाणी नळीने मोरीत जातं, मोरीतून नाल्यात. पुढे ते कुणाच्या बोअरिंगला लागतं, मी पाहायला गेले नाही. आणि खरं सांगू? माझ्या पेल्यात येतं ते पाणी मला गोड लागतं.